अन्ना मणी आणि कोरा रकाना

हवामान खात्याची थट्टा हा आपल्या घराघरांतला आवडता उद्योग आहे. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरीच ठेवावी, हा विनोद तर आता इतका जुना झाला आहे की त्याला कोणी हसतही नाही. पण तो अंदाज ज्या आकड्यांवर उभा असतो, ते आकडे येतात कुठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. कुठल्या तरी मोकळ्या जागेत एक खांब असतो. खांबाच्या टोकाला तीन वाट्या गरगर फिरत असतात. शेजारी शाळेच्या भूगोलातला वातकुक्कुट वारा येईल तिकडे मान वळवत असतो. खाली झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक टांगलेले असतात. एवढ्याशा संसारावर सगळी मदार!

असाच एक खांब अणुवीज केंद्राच्या आवारातही असतो. तिथे मात्र तो नुसता खांब नसतो, चांगला उंच मनोरा असतो. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याचा वेग, दिशा आणि तापमान मोजणारी उपकरणे त्याला बसवलेली असतात. अणुभट्टीला वाऱ्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. केंद्र नीट चालू असतानाही त्याच्या उंच धुराड्यातून ठरवून दिलेल्या मर्यादेत थोडे किरणोत्सारी वायू बाहेर सोडले जातात. ते वर्षभरात कोणत्या गावाकडे किती गेले, हा हिशेब वाऱ्याच्या नोंदींवरूनच मांडावा लागतो. वारा आणि ऊन यांवरून हवा किती घुसळली जाते आणि वायू किती पसरतो, हे काढण्याची सोपी पद्धत पास्क्विल या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडली आणि जगभर ती रूढ झाली. आणि देव न करो, पण अपघात झालाच, तर कोणत्या बाजूच्या माणसांना आधी हलवायचे, हे ठरवताना सगळे जण पहिल्यांदा त्या वातकुक्कुटाच्या काट्याकडे पाहतात. आपल्या देशात अणुवीज केंद्र सुरू होण्याच्या आधीपासूनच त्या परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा काम करू लागते, ती काही उगाच नाही.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशाच एका मनोऱ्यावरच्या उपकरणांची देखभाल करण्यात गेली. हे काम कोणाच्या नजरेत भरणारे नाही. उपकरण चालू असते तेव्हा त्याची कोणाला आठवण नसते आणि ते बंद पडले की सगळ्यांना ते अडचणीचे वाटते. या कामात मला ज्यांचा मोठा आधार वाटत आला, त्या बाईंना मी कधी भेटलो नाही. त्यांचे नाव अन्ना मणी. मराठी कानाला हे नाव घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांसारखे वाटते, पण या होत्या केरळच्या भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या उमेदीची कितीतरी वर्षे आपल्या पुण्यात गेली. भारतात हवामान मोजण्याची स्वदेशी उपकरणे उभी करण्यात ज्यांचा हात सर्वांत मोठा, त्यांत त्यांचे नाव अगदी वर येते.

अन्ना मणींचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेड या डोंगराळ गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता, वेलदोड्यांचे मळे बाळगून असलेले. पाच मुलगे आणि तीन मुली असे भरले घर, त्यात अन्ना सातव्या. अशा सुखवस्तू घरातल्या रिवाजाप्रमाणे मुलगे मोठ्या हुद्द्यासाठी आणि मुली लग्नासाठी वाढवल्या जात. छोट्या अन्नाला मात्र पुस्तकांचे वेड लागले. आठव्या वाढदिवसाला तिला घराच्या पद्धतीप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या मिळणार होत्या. तिने त्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागून घेतला. वायकोम सत्याग्रहाच्या काळात, १९२५ मध्ये, गांधीजी त्या भागात आले होते. त्याचा ठसा तिच्या मनावर उमटला आणि पुढे तिने खादी वापरायला सुरुवात केली. बहिणींची लग्ने लहान वयात झाली, पण अन्नाने शिकायचेच ठरवले आणि ती जन्मभर अविवाहित राहिली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये पदवी घेऊन त्या शिष्यवृत्तीवर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाल्या. तिथे त्यांना गुरू लाभले ते सर चंद्रशेखर वेंकट रामन. योगायोग असा, की ज्या मुलीने हिऱ्यांच्या कुड्या नाकारल्या, तिच्या हाती आता अभ्यासासाठी हिरेच आले! रामन यांच्या संग्रहातले हिरे आणि माणके यांतून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट टिपण्याचे काम त्यांच्याकडे होते. एकेका फोटोच्या काचेवर पंधरा-वीस तास प्रकाश पडू द्यावा लागे. मग रात्री प्रयोगशाळेतच डोळा लागायचा. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले.

ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. बंगलोरच्या संस्थेला तेव्हा पदवी देण्याचा अधिकार नव्हता. विद्यापीठाने प्रबंध पाहिला आणि नियमावर बोट ठेवले. उमेदवाराकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, सबब पीएच.डी. देता येत नाही! पाच निबंध, हिऱ्यांवरचे एवढे काम, सगळे एका रकान्यापाशी अडले. अन्ना मणींनी त्याचा बाऊ केला नाही. आयुष्यभर त्या डॉक्टरेटशिवायच राहिल्या. तो प्रबंध आजही बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटीतून त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्रात संशोधन करावे, हा त्यांचा बेत. पण शिष्यवृत्ती होती ती हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेण्यासाठी. मनासारखे मिळाले नाही म्हणून त्या हिरमुसून परतल्या नाहीत. जे समोर आले ते मुळापासून शिकल्या. नशिबाने हिरे काढून घेऊन हाती पर्जन्यमापक दिला, असे कोणी म्हणेल, पण पुढे पाहता तो सौदा देशाच्या फायद्याचाच ठरला.

१९४८ मध्ये त्या परतल्या त्या स्वतंत्र भारतात, आणि पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. पुणेकरांना शिवाजीनगरची ती घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत माहीत आहे. खात्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आले, म्हणून तिचे नाव पडले सिमला ऑफिस. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण उपकरणांचे काम पुण्यातच राहिले. एस. पी. वेंकिटेश्वरन हे त्या विभागाचे प्रमुख होते. उपकरणे आपल्या देशात बनली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. तोवर साधे तापमापक आणि वायुभारमापकसुद्धा विलायतेहून येत. अन्ना मणींनी सुमारे शंभर वेगवेगळ्या उपकरणांचे आराखडे ठरवून दिले, त्यांची मापे पक्की केली आणि त्यांचे उत्पादन सुरू करून दाखवले. १९५३ पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. तो काळ लक्षात घ्या. रामन यांच्या प्रयोगशाळेतही बायकांच्या हातून उपकरणाला जरासा धक्का लागला तरी तो त्यांच्या नालायकीचा पुरावा समजला जाई. तरीही, आपण बाई असून हे केले, असा गाजावाजा त्यांना कधी रुचला नाही. कामाकडे पाहा, एवढाच त्यांचा आग्रह.

या कामाचा गाभा होता तो प्रमाणीकरणाचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा. शब्द अवघड वाटला तरी गोष्ट रोजची आहे. भाजीवाल्याच्या वजनावर सरकारी शिक्का असतो, तो कशासाठी? त्याचा किलो आणि आपला किलो एकच असावा म्हणून. तसेच रत्नागिरीचा तापमापक आणि नागपूरचा तापमापक यांचे पटले पाहिजे, नाहीतर दोन्ही गावांच्या उन्हाळ्याची तुलना निरर्थक ठरते. उपकरण सुंदर दिसते, काटा हलतो, आकडा येतो, एवढ्यावर अन्ना मणी समाधानी नसत. तो आकडा खरा आहे कशावरून, हा त्यांचा पहिला प्रश्न. चुकीची नोंद असण्यापेक्षा नोंद नसलेली परवडली, ही त्यांची धारणा होती. ऐकायला ती साधी वाटते. ती पाळायची वेळ आली की मात्र माणसाची कसोटी लागते. माझ्याच नोकरीतला एक प्रसंग सांगतो.

केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडे समुद्रकाठी अशी केंद्रे एकाहून अधिक आहेत. मे महिना होता. मनोऱ्यावरच्या नोंदी तेव्हा कागदाच्या गुंडाळीवर शाईच्या पेनाने उमटत आणि आठवड्याची गुंडाळी माझ्याकडे तपासणीला येई. ती उलगडली तर वाऱ्याच्या दिशेची रेघ मंगळवारी दुपारी तीनपासून सरळ! जाणकार माणसाला अशी सरळ रेघ पाहिली की धस्स होते. कारण वारा कधी सरळ रेघ काढत नाही. तो थरथरतो, झुकतो, पुन्हा सावरतो. आणि समुद्रकाठी तर दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि रात्री उलटा वाहतो. ही रेघ मात्र पाच रात्री आणि पाच दिवस समुद्राकडूनच वारा येत असल्याचे सांगत होती. वेगाच्या वाट्या नीट फिरत होत्या, म्हणजे वारा होता. खारट हवेने वातकुक्कुटाचे बेअरिंग धरले होते, आणि काटा जिथे थांबला तिथेच अडकला होता.

यातली मेख अशी की, आकडा विश्वास बसण्याजोगा होता. उपकरण मोडून पडले असते, तर कोणाच्याही लक्षात आले असते. अडकलेले उपकरण मात्र सभ्य माणसासारखे खोटे बोलते.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे पडले की, केंद्र सुरळीत चालू आहे, कुठे काही घडलेले नाही, तेव्हा मागच्या वर्षीच्या मे महिन्याची सरासरी भरून तक्ता पूर्ण करावा. तपासणी जवळ आली होती आणि कोरा रकाना वाईट दिसतो. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या जागी बसलेल्या कितीतरी जणांनी हेच सांगितले असते. पण मला दिसत होती ती त्या पाच रात्रींपैकी एखादी रात्र. समजा, तेव्हाच काही बिघडले असते, तर कंट्रोल रूममधल्या काट्याने वारा गावांकडे जातो आहे असे सांगितले असते. त्यावरून मध्यरात्री गावे रिकामी केली गेली असती, म्हाताऱ्याकोताऱ्यांची फरफट झाली असती. आणि खरा वारा वाहत होता समुद्राकडे, जिथे रात्रीच्या मासेमारीला होड्या गेलेल्या असतात. त्यांना कोणीही सावध केले नसते.

मी अहवाल लिहिला. असा अहवाल लांबलचक नसतो, पण त्यात काही गोष्टी याव्याच लागतात. कोणते उपकरण, किती उंचीवरचे. बिघाड कधी लक्षात आला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो खरोखर कधीपासून आहे. मधल्या कोणत्या नोंदी रद्द समजाव्यात. दुरुस्ती होईपर्यंत कोणत्या उपकरणावर भिस्त ठेवावी. आमच्या बाबतीत खालच्या उंचीवरचा दुसरा वातकुक्कुट शाबूत होता, तो वापरावा असे मी नमूद केले. कंट्रोल रूमला आणि आपत्कालीन व्यवस्थेच्या माणसांना केव्हा कळवले, तेही. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही मनोऱ्यावर चढलो, बेअरिंग बदलले, उत्तर दिशा नव्याने जुळवून घेतली आणि ती वेळही लिहिली. अहवालावर सही व्हायला एक दिवस लागला. तक्त्यातला रकाना कोराच राहिला. त्या महिन्यात पुढे काहीही घडले नाही. कोणी पाठ थोपटली नाही की कोणी रागावले नाही. बहुतेक चांगल्या नोंदींचे नशीब असेच असते.

पण वाऱ्याची बातमी वेळेवर पोचली नाही तर काय होते, हे जगाने जपानमध्ये पाहिले आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमा दाइइची केंद्राची वीज गेली. आवाराभोवतीची कायमची मोजणी केंद्रे बंद पडली आणि कर्मचाऱ्यांना मोटारीवर बसवलेल्या उपकरणांनी किरणोत्सार आणि वारा मोजत फिरावे लागले. किरणोत्सार कुठे पसरेल याचे गणित करणारी संगणक यंत्रणा जपानकडे होती. पण केंद्रातून नेमके किती बाहेर पडते आहे हे कळेनासे झाले आणि जी अंदाजी गणिते झाली तीही लोकांपर्यंत वेळेत गेली नाहीत. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, त्यात पाऊस आणि हिमवर्षाव झाला. नामिए गावचे कितीतरी लोक आधीच वायव्येला, सुमारे तीस किलोमीटरवरच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते. म्हणजे जिकडे संकट निघाले होते, तिकडेच! त्याच वाटेवरच्या इइताते गावाला गाव सोडण्याचा आदेश मिळायला २२ एप्रिल उजाडला. वारा मोजणे आणि मोजलेले सांगणे, ही दोन्ही कामे झाली तरच उपकरणाचा उपयोग.

अन्ना मणींचा अणुवीज केंद्रांशी थेट संबंध आला असे मी म्हणत नाही. पण वाऱ्यावर माणसांचा जीव कसा अवलंबून असतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा येथे हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला तिथून पहिले रॉकेट उडाले. त्या काळच्या या रॉकेटांना आपली वाट सुधारता येत नसे. जमिनीलगतच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन त्यांचा रोख आधीच ठरवावा लागे. मनोऱ्यावरचा आकडा चुकला तर रॉकेट भलतीकडे जाण्याचा धोका.

त्याआधी, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, त्यांनी देशभर सूर्याची उष्णता मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणले होते. पुढे ओझोन मोजण्यासाठी फुग्यातून वर सोडायचे उपकरण घडवले. ओझोनला छिद्र हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत यायचा होता. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या त्या सदस्य होत्या. १९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. भारतातल्या सौर ऊर्जेच्या आकडेवारीचे त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये आले. मग वाऱ्याच्या शक्तीचा देशव्यापी हिशेब मांडायला घेतला आणि बंगलोरला वारा व ऊन मोजणाऱ्या उपकरणांचा छोटा कारखानाही काढला. आज साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांग पाहिली की आपण गाडी थांबवून फोटो काढतो. पवनचक्की उभारण्याआधी त्या माळावर किती वारा वाहतो, हे कोणीतरी महिनोन्‌महिने खरेपणाने मोजलेले असावे लागते. देशात असे मोजण्याची शिस्त घालून देणाऱ्यांत अन्ना मणी अग्रभागी होत्या.

१९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि फिरणे थांबले. १६ ऑगस्ट २००१ रोजी, त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, तिरुअनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. ज्यांना एका अपुऱ्या पदवीमुळे डॉक्टर म्हणवून घेता आले नाही, त्यांच्या जन्मशताब्दीची दखल २०१८ मध्ये जागतिक हवामान संघटनेने घेतली.

आता कागदाच्या गुंडाळ्या गेल्या, शाईचे पेन गेले. मनोऱ्यावरचे आकडे तारेतून थेट पडद्यावर येतात आणि दिसतातही अगदी नेटके. खारट हवा मात्र तीच आहे, बेअरिंगे आजही अडकतात, आणि अडकलेल्या उपकरणाचा आकडा पडद्यावर इतर आकड्यांइतकाच नेटका दिसतो. तिथे रात्रपाळीला एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. फार सरळ रेघ दिसली म्हणून त्यांनी खुर्चीतून उठावे, बाहेर जाऊन वारा अंगावर घेऊन पाहावा आणि परत येऊन उपकरण बंद आहे असे वेळेसकट लिहावे. त्यांच्या वरिष्ठांनीही त्या कोऱ्या रकान्याखाली बिनदिक्कत सही करावी.